सासवण्याचे नानासाहेब: शिल्प, सिमेंट आणि शेजार



1928 साली ब्राँझचा एक घोडा आणि त्यावरचा स्वार रेल्वेने मुंबईहून पुण्याला गेला. माझगाव डॉकमध्ये ओतलेला हा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा सुमारे साडेतेरा फूट उंचीचा होता. पुण्याला जायचा लोहमार्ग तेव्हाही हाच होता. कल्याण सोडलं की अंबरनाथ, बदलापूर, कर्जत आणि मग बोरघाट. कल्याणच्या पुढचा हा फाटा 1856 मध्ये सुरू झाला आणि घाट 1863 मध्ये खुला झाला. आपण रोज उभ्याने प्रवास करतो त्याच रुळांवरून महाराज पुण्याला गेले. घाटातल्या बोगद्यांची कमान आणि घोड्यावर बसलेल्या महाराजांची उंची यांचं गणित त्या काळच्या माणसांनी कसोशीने जमवलं. 16 जून 1928 रोजी पुण्यात, तेव्हाच्या भांबुर्ड्यात, त्याचं अनावरण झालं. श्री शिवाजी प्रीपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे.

हा पुतळा घडवणारा शिल्पकार तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. विनायक पांडुरंग करमरकर. पुढे सगळे त्यांना नानासाहेब म्हणू लागले. आजचं हे पुष्प मी त्यांच्यासाठी योजलं आहे. ज्या चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या भागातल्या कितीतरी मुलांच्या हातात पहिल्यांदा शाडूची माती दिली. त्यांच्या नावाने बोलताना शिल्पकाराशिवाय दुसरा विषय मला सुचला नाही.

करमरकरांचा जन्म 2 ऑक्टोबर 1891 चा, अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याचा. गेटवेवरून बोटीने मांडव्याला उतरलं की सासवणे जवळच आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे समुद्र, गावात कोळी, भंडारी, आगरी, ब्राह्मण अशी मिसळलेली वस्ती. घरात गणपती करण्याची परंपरा होती. श्रावणात ओसरीवर माती मळली जाते, पाटावर एकेक मूर्ती चढत जाते, आणि घरातलं पोर बघता बघता सोंडेला वळण कसं द्यायचं ते शिकून जातं. असं शिक्षण कोकणातल्या शेकडो घरांत होत आलं आहे. आपल्याकडेही उल्हास नदीच्या काठच्या गावांत जुनी गणपतीची घरं आहेत. त्यांतल्या मुलांना मी काय म्हणतो आहे ते चटकन कळेल.

सासवण्याच्या देवळाच्या भिंतीवर विनायकाने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ओटो रॉथफेल्ड दौऱ्यावर असताना त्यांच्या नजरेला ते पडलं. हे रॉथफेल्ड साधे अंमलदार नव्हते. भारतातल्या स्त्रियांच्या वेशभूषेवर आणि जीवनावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं आणि त्याची चित्रं रावबहादूर धुरंधरांनी काढली. म्हणजे चित्र बघण्याची नजर त्यांच्याकडे होती. त्यांनी चौकशी केली, मुलाला भेटले, आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. खेड्यातल्या भिंतीवरून थेट जे. जे.मध्ये. करमरकरांनी तिथे शिल्पकलेत नाव काढलं.

इथे मला थोडं थांबून दूरच्या एका मुलुखाकडे जायचं आहे, कारण ही गोष्ट एकट्या सासवण्याची नाही. कॅनडाच्या उत्तरेला, हडसन उपसागराच्या काठावर, इनुइट लोकांच्या वस्त्या आहेत. वर्षातले बरेच महिने बर्फ. झाड नाही. शिकारीवर पोट. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हाडाच्या, हस्तिदंताच्या, दगडाच्या लहान वस्तू कोरत आली. 1948 साली जेम्स ह्यूस्टन नावाचा एक तरुण चित्रकार तिथे पोचला. लोकांनी त्याला आपण कोरलेले लहान लहान प्राणी दिले. त्याने ते दक्षिणेत नेऊन जाणकारांना दाखवले, आणि 1949 मध्ये मॉन्ट्रिअलला ही शिल्पं विकायला मांडली तेव्हा ती हातोहात गेली. पुढे बाफिन बेटालगतच्या किनगाइट गावात कलावंतांची सहकारी संस्था उभी राहिली. त्या गावातले ओसुइतोक इपीली, जन्म 1923 चा, मृत्यू 2005 चा, हे या परंपरेतलं मोठं नाव. त्यांचं कॅरिबू, म्हणजे तिकडचं रेनडिअर, बारीक दगडी पायांवर उभं असतं. भारी धड, नाजूक पाय, आणि सगळा तोल दगडातच साधलेला. वर्षानुवर्षं जनावराच्या मागावर हिंडलेल्या शिकाऱ्यालाच त्याचं वजन कोणत्या पायावर असतं ते इतकं नेमकं कळतं.

रॉथफेल्ड आणि ह्यूस्टन, दोघेही बाहेरून आलेले. दोघांनीही गुण ओळखला, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत. पण सासवण्याचा मुलगा किंवा किनगाइटचा शिकारी शिल्पकार झाला तो त्यांच्यामुळे नव्हे. हात आधीच तयार होता. बाहेरच्या माणसाने दार उघडलं, एवढंच.

करमरकर पुढे कलकत्त्याला गेले. सुरेंद्रनाथ टागोरांनी त्यांना तिकडे बोलावलं. टागोर घराण्याच्या ओळखीमुळे कामं मिळाली, स्टुडिओ उभा राहिला. मग 1920 मध्ये ते इंग्लंडला गेले. रॉयल अकादमीत शिकले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्राँझचं ओतकाम प्रत्यक्ष पाहून, करून शिकून आले. मातीत घडवलेलं काम धातूत कसं न्यायचं, साचा कसा फुटत नाही, वितळलेला धातू कुठून आत सोडायचा आणि आतली हवा कुठून बाहेर काढायची, हे सगळं ज्या शिल्पकाराला स्वतः येतं त्याला दुसऱ्याच्या भट्टीवर अवलंबून राहावं लागत नाही. पुण्याच्या पुतळ्याच्या वेळी याच शिक्षणाचा उपयोग झाला.

त्या पुतळ्यामागे मोठी माणसं होती. छत्रपती शाहू महाराजांनी कल्पना उचलून धरली. 19 नोव्हेंबर 1921 रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली. शाहू महाराज 1922 मध्ये गेले, ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे 1925 मध्ये गेले, आणि काम रेंगाळत राहिलं. शेवटी करमरकरांनी ते हातात घेतलं. इतका मोठा अश्वारूढ पुतळा एकसंध ओतायचा होता. माझगाव डॉक जहाजांच्या दुरुस्तीचं ठिकाण; तिथे मोठ्या प्रमाणावर धातू हाताळण्याची सोय होती आणि माणसं होती. पुतळा उतरला आणि उभा राहिला. नंतरच्या कितीतरी मराठी शिल्पकारांनी त्याच्याकडे बघत आपला घोडा बेतला. आपल्या शेजारच्या कल्याणचे सदाशिव साठे, म्हणजे भाऊ साठे, 1926 साली जन्मले आणि 2021 साली गेले. गेटवेसमोरचा 1961 चा अश्वारूढ शिवाजी त्यांचा. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतलं त्यांचं शिल्पालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. नसेल तर आधी तिथे जा.

या पुतळ्याने करमरकरांना कीर्ती दिली. पण मला ते मोठे वाटतात ते पुढच्या कामामुळे, आणि आज मी मुख्यतः त्याच्याबद्दल बोलणार आहे.

कीर्ती मिळालेला शिल्पकार मुंबईत किंवा कलकत्त्यात राहून आयुष्यभर संस्थानिकांचे आणि पुढाऱ्यांचे अर्धपुतळे करत बसू शकला असता. करमरकरांनी अशी कामंही केली, कारण पोट त्यावरच चालतं. पण त्यांचं मन सासवण्यात रमलं. तिथे त्यांनी घर बांधलं, स्टुडिओ थाटला, आणि गावातली माणसं शिल्पात आणायला सुरुवात केली. कोळीण आणि हमाल. शंख फुंकणारा तरुण. नमस्कार करणारी व्यक्ती. घरातली बसलेली म्हैस. सासवण्याच्या शिल्पालयात आज त्यांची शिल्पं पाहायला मिळतात, आणि त्यातली बरीच ब्राँझची नाहीत, संगमरवराची नाहीत, सिमेंटची आहेत.

सिमेंट! आज आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण त्या काळाचा विचार करा. पोरबंदरचा सिमेंटचा कारखाना 1914 मध्ये सुरू झाला. एसीसी ही कंपनी 1936 मध्ये स्थापन झाली. म्हणजे करमरकर सासवण्यात काम करत होते तेव्हा सिमेंट हा कोकणात नवा माल होता, पूल आणि बंगल्यांचा माल. शिल्पकाराने तो उचलला. ब्राँझला पैसा लागतो, भट्टी लागते. संगमरवर राजस्थानातून किंवा इटलीहून आणावा लागतो. सिमेंट बंदरावर उतरतं आणि बैलगाडीने घरी येतं. ज्याने माझगाव डॉकमध्ये टनावारी ब्राँझ ओतलं, त्याच माणसाने आपल्या अंगणात घमेलं आणि थापी हातात घेतली. मला यात करमरकरांचं सगळ्यात मोठं धाडस दिसतं.

सिमेंटचं शिल्प कसं होतं ते इथल्या तरुणांसाठी सांगतो. आधी लोखंडी सळईचा सांगाडा करायचा. त्यावर माती चढवून आकृती घडवायची. ती पूर्ण झाली की तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा, भागाभागांनी. साचा सुटला की आतली माती काढून टाकायची, साचा धुऊन, तेल लावून पुन्हा जोडायचा. मग सिमेंट-वाळूचं पातळ मिश्रण आतल्या बाजूला घासून लावायचं. पहिला थर महत्त्वाचा, कारण शिल्पाची कातडी तीच होणार. त्यामागे घट्ट मिश्रण भरत जायचं, मध्ये सळया ठेवायच्या. मग ओल्या गोणपाटाखाली दिवस काढायचे. घाईत सुकवलं तर तडे जातात. शेवटी छिन्नीने बाहेरचं प्लास्टर हळूहळू फोडत जायचं. सगळ्या कामात भीती याच वेळी सर्वांत जास्त असते, कारण एक ठोका जास्त पडला तर नाक जातं, बोट जातं. मातीतल्या आकृतीत जो बोटाचा दाब होता, तो सिमेंटवर जसाच्या तसा उतरलेला दिसतो. करमरकरांच्या सिमेंटच्या शिल्पांत हा बोटाचा दाब जागोजाग आहे. कपड्याच्या चुणीत, केसांच्या अंबाड्यात, म्हशीच्या पाठीवरच्या खळग्यांत.

म्हशीबद्दल थोडं. मोठ्या शिल्पकाराने म्हैस करावी यात काहींना गंमत वाटते. मला वाटत नाही. म्हैस बसते तेव्हा तिचं सगळं ओझं जमिनीत उतरतं. पोट बाजूला सांडतं, पाय आत घेतलेले, मान मात्र सैल आणि जागी. मोठ्या घोड्याच्या ताणलेल्या स्नायूंचा अभ्यास केलेल्या माणसाने असं विसावलेलं जनावर तितक्याच निष्ठेने पाहिलं आहे. त्या म्हशीसमोर लहान मुलं उभी राहतात आणि हात लावून बघतात. ब्राँझच्या राजाला हात लावायला ती बिचकली असती.

आणि तिथली माणसं. शंख फुंकणाऱ्या तरुणाचे गाल भरलेले, छाती वर आलेली, सगळा श्वास एका बिंदूत गोळा झालेला. हमालाच्या अंगात ओझ्याची सवय मुरलेली. या माणसांना तोवर कोणी चौथरा दिला नव्हता. करमरकरांनी शेजाऱ्यांना चौथरा दिला, आणि शेजाऱ्यांच्या अंगावरची एकही खूण खोटी सुंदर केली नाही. कलकत्त्यातलं आणि लंडनमधलं सगळं शिक्षण या साध्या कामासाठी वापरलं.

आता आपल्या गावाकडे येतो. अंबरनाथात शिल्पावर बोलायचं आणि वालधुनीकाठच्या देवळाचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. शके 982, म्हणजे इसवी सन 1060. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळचं हे शिवमंदिर भूमिज शैलीचं आहे. गाभारा मंडपाहून खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंती इतक्या कोनांत मोडलेल्या आहेत की दिवसाच्या प्रत्येक प्रहरी त्यांवरची सावली वेगळी पडते. गजथर, त्यावर देवदेवता, सुरसुंदरी, नटेश, महिषासुरमर्दिनी. हरी, हर, ब्रह्मा आणि सूर्य एकाच मूर्तीत.

हे सगळं कोरलं आहे आपल्या पायाखालच्या काळ्या दगडात. दख्खनचा बेसॉल्ट. बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यातल्या खदानींतून आजही जो खडी होऊन बाहेर पडतो, तोच. हा दगड कठीण, आणि त्यात गारगोटीचे खडे अडकलेले. टाकी नेमकी तिथे घसरते. इनुइट शिल्पकाराला सर्पेंटाईनसारखा तुलनेने मऊ, घासला की चकाकणारा दगड मिळतो. आपल्या पाथरवटाला तसा कधी मिळाला नाही. म्हणून त्याने सगळा भर खोल सावलीवर दिला. बारीक नक्षी काळ्या दगडात दुरून दिसत नाही, पण खोल कापलेली बाजू उन्हात उठून दिसते. देवळाच्या दक्षिण भिंतीजवळ दुपारी उभं राहून बघा. कंबरेतल्या वळणाखालची सावली किती ठरवून कापली आहे ते दिसेल. करमरकरांनी सिमेंट ज्या कारणासाठी घेतलं, त्याच कारणासाठी या माणसांनी हा दगड घेतला. हाताशी होता, आपला होता, आणि त्याला वश करायची ईर्षा होती.

1868 मध्ये मुंबई सरकारने या देवळाची मापं, रेखाटनं आणि शिल्पांचे साचे घेण्याचं काम करवून घेतलं. ते काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या लोकांनी केलं. पुढे चाळीसेक वर्षांनी ज्या शाळेत सासवण्याचा विनायक शिकायला गेला, त्या शाळेतल्या मुलांनी अंबरनाथच्या सुरसुंदरींवर प्लास्टर लावून त्यांचे ठसे घेतले होते. म्हणजे आपल्या गावच्या दगडाने आधुनिक मराठी शिल्पकलेच्या शाळेलाही धडे दिले आहेत. माझ्या मते अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या आपल्या तीन शहरांच्या अभिमानाची ही पहिली गोष्ट असायला हवी.

पण देवळात एक गोष्ट मला नेहमी टोचते. उत्तरेकडच्या दाराच्या आतल्या तुळईवर शिलालेख आहे. त्यात राजाचं नाव आहे, त्याच्या अमात्यांची नावं आहेत, तिथी आहे. शिल्पकाराचं नाव नाही. एवढ्या माणसांनी, एवढी वर्षं टाकी चालवली, आणि एकाचंही नाव उरलं नाही.

इनुइटांची गोष्ट त्याहून कठोर आहे. त्यांच्यात आडनाव लावायची रीत नव्हती. कॅनडाच्या सरकारला नोंदी ठेवायला अडचण होऊ लागली, म्हणून 1941 पासून प्रत्येकाला एक चकती दिली, तिच्यावर क्रमांक. पूर्वेकडच्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी ई, पश्चिमेकडच्यांच्या आधी डब्ल्यू. चकती गळ्यात घालायची किंवा कपड्याला शिवायची. पुढे दगडाचं शिल्प बाजारात जाऊ लागलं तेव्हा कित्येक शिल्पकारांनी सीलच्या, अस्वलाच्या पोटाखाली आपला तो क्रमांकच कोरला. साठच्या दशकाच्या शेवटी सरकारने आडनावांची मोहीम काढली आणि क्रमांक मागे पडले. आज जगातल्या संग्रहालयांत बसलेले अभ्यासक जुने क्रमांक जुळवून त्या शिल्पकारांची नावं शोधून काढतात, आणि पाटीवर लिहितात. त्यांनी ते कष्ट घेतले याचं मला फार अप्रूप वाटतं.

करमरकर 1967 मध्ये गेले. त्यांना सरकारने पद्मश्री दिली, आणि त्यांचं घर कुटुंबीयांनी शिल्पालय म्हणून जपलं. गावातच, त्यांच्या हाताने, त्यांच्या माणसांसह त्यांचं काम टिकलं हे भाग्य सगळ्या शिल्पकारांना मिळत नाही. आपल्या तीन शहरांत तर विशेष नाही. उल्हासनगर 1949 मध्ये लष्करी छावणीच्या बराकींतून उभं राहिलं. सिंधमधून आलेल्या लोकांनी कारखाने, दुकानं, शाळा शून्यातून उभ्या केल्या. अंबरनाथ आयुध निर्माणीभोवती आणि काडेपेटीच्या कारखान्याभोवती वाढलं. बदलापूर आता आता शहर झालं. या सगळ्या धावपळीत चौकाचौकांत पुतळे मात्र उभे राहिले, आणि ते चांगलंच झालं. महात्मा फुले, डॉ. आंबेडकर, शिवाजी महाराज यांच्याकडे बघत मुलं वाढली पाहिजेत.

त्या पुतळ्यांच्या चौथऱ्यांवरच्या कोनशिला वाचा. अनावरण कोणाच्या हस्ते, अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, नगरसेवक कोण. अक्षरं सोनेरी, ओळी भरपूर. त्यातल्या कितीशा पाट्यांवर शिल्पकाराचं नाव सापडेल ते शोधा. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या तुळईवर जी रीत होती, तीच आपण संगमरवरी पाटीवर चालवतो आहोत.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि या सभागृहात तिन्ही पालिकांचे लोक बसले आहेत म्हणून मुद्दाम इथेच करतो. पुढच्या वर्षभरात या तिन्ही शहरांतल्या प्रत्येक सार्वजनिक पुतळ्याच्या चौथऱ्यावर घडवणाऱ्याचं नाव, गाव आणि साल लिहा. ओतकाम कुठे झालं तेही लिहा. जुन्या पुतळ्यांची नावं शाळेतल्या मुलांना शोधायला लावा. नगरपालिकेच्या जुन्या फायली, ठेकेदारांची बिलं, शिल्पकारांची घरं, सगळीकडे विचारत फिरू द्या त्यांना. ज्या पोरांच्या घरी श्रावणात गणपती होतात, त्यांना आधी पाठवा. आणि त्या सर्वांना घेऊन एकदा मांडव्याच्या बोटीत बसा, सासवण्याला जा, तिथल्या सिमेंटच्या म्हशीवर हात ठेवू द्या त्यांना. शिल्पालय तुमचं स्वागत करेल. बसची सोय करायची असेल तर खर्चातला माझा वाटा मी आजच संयोजकांकडे देऊन जातो.